हूं म्हणणारा हवा

"हूं म्हण, नाहीतर गोष्ट बंद." लहानपणी गोष्ट ऐकताना ही अट आपल्यापैकी बहुतेकांना घातली गेलेली आहे. सांगणारी आजी असो, मावशी असो की शेजारची काकी, अट तीच. पोर झोपलं की काय ते कळावं म्हणून ती असते, असं आपण समजतो. पण मला वाटतं त्या अटीत कथनकलेचं सगळं शास्त्र आहे. हूं म्हणणारा म्हणजे गोष्टीतला दुसरा माणूस. तो हूं म्हणतो तेव्हा गोष्ट पुढे सरकते. तो "हॅ, काहीतरीच!" म्हणतो तेव्हा सांगणाऱ्याला थांबून नीट सांगावं लागतं. आणि तो "मग त्या बाकीच्या लोकांचं काय झालं?" असं विचारतो, तेव्हा सांगणाऱ्याला आपण काय गाळलं ते आठवतं.

लिहिलेल्या गोष्टीला हा दुसरा माणूस नसतो. पडद्यावरच्या गोष्टीला तर नसतोच नसतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांत पणजी-म्हापशाकडच्या कॅफे-पबमधून गोष्टी सांगण्याच्या ज्या संध्याकाळी होऊ लागल्या आहेत, त्यांच्याकडे नाक मुरडून पाहणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्याकडे नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. "पबमध्ये कसलं आलंय कथाकथन? ग्लासांची किणकिण, तळलेल्या माशांचा वास, अर्धे लोक मोबाइलमध्ये, आणि हे म्हणे साहित्य!" असं आमच्या एका ज्येष्ठ साहित्यिक स्नेह्यांनी मला सुनावलं होतं. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगण्यासाठीच हा लेख. मात्र ह्या पबमधल्या संध्याकाळींवर माझाही एक आक्षेप आहे. तो दारूबद्दल नाही, दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे.

तो आक्षेप मला सुचला तो एका मित्रामुळे. हा मित्र बुऱ्हाणपूरचा. मध्य प्रदेशातलं हे तापीकाठचं गाव जळगाव-भुसावळहून जवळ, खानदेशाच्या अगदी उंबरठ्यावर. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात उर्दू, निमाडी, गुजराती असं सगळं कानावर पडत तो वाढला. नोकरीनिमित्त गोव्यात आला आणि इथलाच झाला. त्याची आणि माझी मराठी ही एक गमतीदार जोडी आहे. आम्ही गोवेकर घरात कोंकणी बोलतो आणि मराठी वाचतो, लिहितो, कीर्तनात आणि नाटकात ऐकतो. तो मराठी बोलतो, पण वाचतो हिंदी. त्याची मराठी जिभेवरची, आमची कागदावरची. त्यामुळे तो बोलायला लागला की मी लिहायचं विसरून ऐकत बसतो.

तर आम्ही दोघे पणजीतल्या एका पबमध्ये अशा संध्याकाळी गेलो होतो. छोटीशी जागा, चाळीसेक माणसं, एक माइक. नियम फळ्यावर लिहिलेले: सहा मिनिटं, हातात कागद नको, आणि गोष्ट खरी हवी, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली. हा नमुना अमेरिकेतून आलेला. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये 'द मॉथ' नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात लोक आपल्याच आयुष्यातले प्रसंग कागदाविना सांगू लागले, आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. त्या संध्याकाळी चार-पाच जणांनी चांगल्या गोष्टी सांगितल्या. कुणाचा मोडलेला साखरपुडा, कुणाची मुंबईतली पहिली नोकरी. लोक हसले, एकदोघांचे डोळे ओले झाले. मग माझा मित्र उठला आणि त्यानं हिंदी-मराठीची भेळ करून एका बंदुकीची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट अशी. अकबराचा धाकटा मुलगा शहाजादा दानियाल दख्खनच्या मोहिमेवर बुऱ्हाणपूरला होता. दारूनं पार पोखरलेला. बापानं आग्र्याहून ताकीद पाठवली की पोराला दारूचा थेंब मिळता कामा नये. पहारा बसवला कोणी? तर खुद्द सासऱ्यानं, म्हणजे अब्दुर्रहीम खानखानानं. हो, तोच दोहे लिहिणारा रहीम. दानियाल कासावीस झाला. त्याची एक आवडती शिकारीची बंदूक होती. तिच्यावर त्यानं स्वतःच शेर रचला होता आणि तिला नाव दिलं होतं 'यका-ओ-जनाजा', म्हणजे जिची गोळी लागणं आणि तिरडीवर चढणं एकच. त्यानं आपल्या एका बंदूकवाल्याची मनधरणी केली आणि त्या बंदुकीच्या नळीतून चोरून दारू आणवली. नळीतला गंज आणि बारुदाचा अंश त्या कडक दारूत उतरला. ती प्याला आणि अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. साल १६०५. वय जेमतेम तेहतीस. बंदुकीनं आपलं नाव खरं केलं.

पबमध्ये ग्लास हातात घेऊन बसलेल्या माणसांना ही गोष्ट सांगायची म्हणजे छाती लागते! माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एका मुलीनं हातातला ग्लास हळूच खाली ठेवला, हे मी पाहिलं. कोणीतरी मागून ओरडलं, "आणि त्या बंदूकवाल्याचं काय झालं?" मित्र तिथल्या तिथे म्हणाला, "त्याचं काय होणार! नोकरानं मालकाचं ऐकलं तरी मरण, नाही ऐकलं तरी मरण." हशा पिकला. टाळ्या पडल्या. आणि मग संयोजक तरुण माइकवर येऊन अगदी नम्रपणे म्हणाला की गोष्ट छान होती, पण नियमात बसत नाही, कारण ही तुमची गोष्ट नाही.

मित्र खाली येऊन बसला आणि मला म्हणाला, "अरे, मी तर तिथलाच आहे ना? माझी नाही तर मग कोणाची?"

माझा आक्षेप तो हाच. 'माझी गोष्ट' म्हणजे फक्त माझ्या बाबतीत घडलेली गोष्ट, ही समजूत फार तोकडी आहे. माणूस काय फक्त स्वतःच्या अनुभवाचा मालक असतो? ज्या गावात तो वाढला, ज्या भाषेत तो रडला, तिथल्या गोष्टीही त्याच्याच. उलट स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगताना त्याला अडवणारं कोणी नसतं. तुमचा मोडलेला साखरपुडा तुम्हीच पाहिलेला, त्यावर आम्ही काय बोलणार? दुसरी बाजू सांगायला ती मुलगी थोडीच तिथे बसलेली असते! पण दानियालची गोष्ट सगळ्यांची. ती सांगताना कोणीही मध्ये तोंड घालू शकतो, आणि घातलंच पाहिजे.

आता बुऱ्हाणपूर आणि दारू हा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीरच्या दरबाराकडे जाताना बुऱ्हाणपूरला थांबला. तिथे होता शहाजादा परवेझ. रोनं नजराण्यात दारूच्या बाटल्यांची एक पेटी दिली. शहाजादा आत निघून गेला, रोला नंतर आत बोलावतो म्हणाला, आणि रो बाहेर वाट पाहत राहिला. बाटल्यांनी आपलं काम केलं होतं. भेट तिथेच आटोपली. हाच परवेझ १६२६ साली बुऱ्हाणपुरातच दारूपायी मेला. थोरला खुस्रो १६२२ साली ह्याच गावी धाकट्या भावाच्या, म्हणजे खुर्रमच्या कैदेत मेला. कारण पोटशूळ असं बादशहाला कळवण्यात आलं. गावानं ते तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. आणि गंमत पाहा, दानियालच्या बंदुकीची हकीकत आपल्याला सांगतो कोण? त्याचा भाऊ जहांगीर, स्वतःच्या आत्मचरित्रात. तोच जहांगीर, जो त्याच पुस्तकात आपण एके काळी दिवसाला वीस पेले रिचवत होतो हे बिनदिक्कत लिहून ठेवतो!

त्या काळात गोष्ट सांगणं हा मानाचा धंदा होता. १६१७ साली जहांगीर मांडूला तळ ठोकून होता आणि खुर्रम बुऱ्हाणपुरात बसून दख्खनचं राजकारण करत होता. त्या सुमारास ठठ्ठ्याहून मुल्ला असद नावाचा एक कथेकरी जहांगीरकडे आला. बादशहा त्याच्या बोलण्यावर इतका खूश झाला की त्यानं त्याला 'महजूज खान' अशी पदवी, घोडा, हत्ती, पालखी दिली, आणि वर रुपयांनी तुला केली. वजन भरलं चार हजार चारशे रुपये. आजच्या कुठल्या मराठी साहित्यिकाची अशी तुला झाली आहे, सांगा!

ह्याच काळात इराणातल्या कझवीनहून अब्दुल नबी नावाचा माणूस हिंदुस्थानात आला. हमजाची दास्तान सांगणं हा त्याचा हुन्नर. त्याच्या पुस्तकांपैकी दोन इथे सांगण्याजोगी. एक कथेकऱ्यांसाठी, गोष्ट कशी सांगावी ह्याबद्दलचं. त्यात गोष्टीचे चार भाग मानले आहेत: रझ्म म्हणजे लढाई, बझ्म म्हणजे मैफल, इश्क, आणि अय्यारी म्हणजे चलाखी-वेषांतर. दुसरं पुस्तक साकीनामे लिहिणाऱ्या कवींच्या चरित्रांचं, आणि त्याचं नाव काय? 'मयखाना'. गोष्ट सांगणाऱ्याच्या पुस्तकाचं नाव दारूचा गुत्ता! आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. इराणात शाहनाम्यातल्या कथा सांगणारे कथेकरी सफवी काळापासून कॉफीखान्यांत बसत आले. गोष्टीला देऊळ लागतं, तसाच गुत्ताही लागतो. जिथे माणसं काम संपवून, घरी जायच्या आधी तासभर टेकतात, तिथे गोष्ट आपण होऊन उगवते.

आता गाळलेल्या माणसांविषयी.

बुऱ्हाणपूरला मी मित्राबरोबर दोनदा गेलो आहे. तिथे पाहुण्याला पहिल्यांदा नेतात ते किल्ल्यातल्या शाही हमामात, मग तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिचं शव सहा महिने जैनाबादच्या बागेत ठेवलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. ताजमहाल खरं तर इथेच तापीकाठी व्हायचा होता, पण माती भुसभुशीत निघाली, वाळवी निघाली, संगमरवर लांबून आणावा लागला असता, म्हणून तो आग्र्याला गेला, असं इथला प्रत्येक माणूस सांगतो. हमामाच्या छतावरच्या एका चित्रात ताजचा पहिला आराखडा आहे, असंही दाखवतात. ऐकायला गोड आहे. आपण हूं हूं म्हणत जातो.

पण दुसऱ्या खेपेला मित्रानं मध्येच विचारलं, "तेव्हा गावातले लोक काय खात होते, ते सांगा ना." वाटाड्या गडबडला. प्रश्न बरोबर होता. कारण १६३० ते ३२ हा दख्खन आणि गुजरातवरच्या भीषण दुष्काळाचा काळ. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच वेळी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. त्यानं वाटेत पडलेली प्रेतं आणि ओस गावं ह्यांचं जे वर्णन केलं आहे ते वाचवत नाही. हाच तो दुष्काळ, ज्यात देहूच्या तुकोबांचं दुकान बुडालं आणि बायको अन्नावाचून गेली. एकीकडे बादशहाची बायको, एकीकडे वाण्याची बायको. एका बाईसाठी ताजमहाल झाला. दुसऱ्या बाईमागे जो उरला, त्यानं अभंग लिहिले. एकाच आभाळाखाली, एकाच कोरड्या वर्षांत. मराठी माणसाला मुमताजची गोष्ट तुकोबांशिवाय सांगणं म्हणजे अर्धीच सांगणं. पण ही दुसरी अर्धी बाहेर येते केव्हा? ऐकणारा मध्ये बोलतो तेव्हा.

आणि ऐकणारा बोलूच शकत नसेल तर काय होतं, त्याचंही उदाहरण बुऱ्हाणपूरनंच दिलं. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला. त्याची सुरुवातच संभाजीराजांच्या बुऱ्हाणपूरवरच्या हल्ल्यानं होते. पडद्यावर मोगलांचा खजिना दिसला. मार्च महिन्यात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्रीच्या रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणू लागले! रस्त्याच्या कामाची माती टाकलेल्या शेतात सोन्याची नाणी सापडतात, अशी वदंता आधीपासूनच होती. चित्रपटानं तिला हवा दिली. शेवटी प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. हसू नका. मला त्या माणसांची थट्टा करायची नाही. गोष्टीत केवढी ताकद असते ते त्यांनी दाखवून दिलं. पण त्या गोष्टीला "हॅ, काहीतरीच!" म्हणणारा शेजारी नव्हता. अंधारात पडद्याकडे तोंड करून बसलेल्या माणसांत शेजारी नसतोच, फक्त गर्दी असते.

त्या हल्ल्याबद्दल मित्र जे बोलला ते मला विसरता येत नाही. १६८१ च्या जानेवारीत हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी बुऱ्हाणपुरालगतचा बहादूरपुरा आणि आजूबाजूचे पुरे तीन दिवस लुटले. खाफीखानानं लिहिलंय की शहरातल्या उलेमांनी आणि प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला कळवलं, आमच्या जिवाची आणि मालाची हमी नसेल तर जुम्याची नमाज बंद करावी लागेल. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपूरला आला तो पुढे कधी उत्तरेला परतलाच नाही. शाळेत आपण हे स्वराज्याच्या पराक्रमाचं पान म्हणून शिकतो, आणि ते आहेच. पण मित्र म्हणाला, "तुम्ही लोक ही गोष्ट सांगता तेव्हा मला कळत नाही की मी कुठे बसू. मराठी म्हणून तुमच्याकडे बसू, की बुऱ्हाणपूरवाला म्हणून ज्यांची दुकानं लुटली त्यांच्याकडे?"

मी गप्प बसलो. कारण हा प्रश्न आपल्या गोव्यालाही तितकाच लागू आहे.

१६८३ चं उदाहरण घ्या. विजरई कोंद द आल्व्होरनं फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, येसाजी कंक आणि त्याचा मुलगा कृष्णाजी ह्यांनी तो लढवला, आणि संभाजीराजे येताच विजरईला पळता भुई थोडी झाली. नोव्हेंबरात मराठे जुव्याच्या बेटावर उतरले, विजरई कसाबसा जीव वाचवून ओल्ड गोव्याला परतला. ही गोष्ट मी फोंड्याकडे डझनभर वेळा ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला आहे. पण हीच गोष्ट साष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती घरात ऐका. तिथे ती गोंयच्या सायबाच्या चमत्काराची गोष्ट असते. विजरईनं सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड त्याच्या हाती ठेवला, शहर वाचव म्हणून विनवलं, आणि मराठे परत फिरले. इतिहास म्हणतो की शहा आलमची मोगल फौज घाट उतरून आली म्हणून ते परतले. पण इतिहासाचं सोडा. मुद्दा असा की एकाच रात्रीच्या दोन गोष्टी तीनशे चाळीस वर्षं शेजारी शेजारी राहताहेत, आणि एकमेकींना हूं म्हणायला तयार नाहीत. देवळातल्या कीर्तनाला साष्टीतला फ्रान्सिस येत नाही. चर्चमधल्या सर्मांवाला फोंड्यातला विठू जात नाही. मग ही दोघं भेटतात कुठे?

तावेर्नात. आपल्या गावातल्या जुन्या तावेर्नात बसलेलं कोणीही हे सांगेल. काउंटरपाशी एक बाकडं, भिंतीला लागून दुसरं, एकाच्या हातात उराक, दुसऱ्याच्या हातात फेणी. तिथे जमिनीचे तंटे, भुतांच्या गोष्टी, पोर्तुगीज काळातल्या पोलिसांच्या गमती, सगळं एकाच टेबलावर येतं, आणि ज्याच्याबद्दल बोललं जातं तो किंवा त्याचा भाऊबंद बहुधा तिथेच बसलेला असतो. म्हणून सांगणारा जपून सांगतो, आणि तरी सांगतो. गोष्ट ज्यांच्या विरुद्ध जाते, त्यांच्यादेखत सांगता आली पाहिजे. माझ्या मते गोष्टीच्या सच्चेपणाची ह्याहून मोठी परीक्षा नाही. आपल्याच माणसांत बसून सांगितलेली गोष्ट फुगत जाते. समोर तो बसलेला असला की तिला आपोआप कंबर येते.

तावेर्नाचं मी गोडवं गातो आहे असं कोणी समजू नये. दारूनं आपल्याकडे किती घरं बसवली ते मला ठाऊक आहे, आणि दानियालची गोष्ट काही दारूची जाहिरात नव्हे. शिवाय तावेर्नात बाईमाणूस ग्राहक म्हणून कधीच बसत नसे. अर्धा गाव त्या टेबलाबाहेर होता. बायकांच्या गोष्टी धालोच्या मांडावर, पाटावरवंट्याकडे राहिल्या. ह्या बाबतीत आजचा पब पुढे आहे हे मान्य करायला हवं. त्या संध्याकाळी सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली होत्या आणि कोणाला त्यात नवल वाटलं नाही. तेव्हा पबला माझा पाठिंबाच आहे. फक्त फळ्यावरचा तो तिसरा नियम पुसा, एवढंच म्हणणं आहे.

आपल्या मराठीत हे काही नवं नाही. १९६० च्या दशकात शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव फिरून कथाकथन करत. हजारो माणसं जमत. त्या गोष्टी काही त्यांच्या 'स्वतःच्या आयुष्यातल्या' नव्हत्या. गावाच्या होत्या, आणि समोर गावच बसलेला असे. पुढे कथाकथनाच्या कॅसेटी निघाल्या. व. पु. काळे घरोघरी पोहोचले, ते चांगलंच झालं. पण कॅसेट हूं ऐकत नाही. हळूहळू श्रोता फक्त टाळ्यांपुरता उरला आणि कथाकथन हा गॅदरिंगमधला स्पर्धेचा प्रकार झाला. उर्दूतली दास्तानगोई तर १९२८ साली दिल्लीचे मीर बाकर अली गेल्यावर जवळजवळ मेलीच होती. शम्सुर्रहमान फारुकींच्या अभ्यासाच्या बळावर महमूद फारुकींनी ती २००५ साली पुन्हा उभी केली. पुढे मराठीतही मुंबईवरची 'दास्तान-ए-बडी बांका' आली. म्हणजे मेलेली गोष्ट उठू शकते. तिला फक्त बसायला जागा आणि हूं म्हणणारा हवा.

आणि गोव्याला तर हे शिकवायला नकोच. १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांत, आणि ते चर्चमधून लोकांना वाचून दाखवलं जाई. त्याच १६१६ साली बुऱ्हाणपुरात अब्दुल बाकी निहावंदी खानखानाच्या आश्रयाला बसून 'मआसिर-इ-रहीमी' हा फारसी ग्रंथ पुरा करत होता. एक इंग्रज पाद्री मराठीत पुराण सांगतो, एक तुर्कमान सरदार ब्रजभाषेत दोहे रचतो. 'ही तुमची गोष्ट नाही' असं त्यांना कोणी म्हटलं असतं, तर आपण केवढ्याला मुकलो असतो!

म्हणून पब चालवणाऱ्या तरुण मित्रांना माझी एक सूचना आहे. महिन्यातली एक संध्याकाळ गावाच्या गोष्टींसाठी ठेवा. मराठी, कोंकणी, हिंदी, जी येईल ती भाषा. वेळेचं बंधन ठेवा, कागद नको तो नियमही ठेवा. पण एकच गोष्ट दोघांनी सांगायची: १६८३ ची रात्र एकदा फोंड्याच्या माणसानं आणि एकदा साष्टीच्या माणसानं, एकमेकांच्या समोर बसून. बुऱ्हाणपूरची लूट सांगायला साताऱ्याचा कोणी मिळाला तर दुसऱ्या बाजूसाठी माझा मित्र तयार आहे. मध्येच बोलायला सगळ्यांना परवानगी. भांडण होईल? थोडं होईलही. तावेर्नात रोज होत असे, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं त्याच बाकड्यावर येऊन बसत.

आणि आमच्या मराठी संस्थांना, ज्या पबच्या पायरीवर पाऊल ठेवायला कचरतात, त्यांनाही एक विनंती. पबमध्ये यायचं नसेल तर नका येऊ. पण आपल्या सभागृहात तरी खुर्च्या गोल मांडा, माइक बंद करा, आणि ज्याच्याबद्दल आपण बोलणार आहोत त्यालाही निमंत्रण धाडा. तो हूं म्हणाला तर आनंदच आहे. "हॅ!" म्हणाला तर त्याहून बरं. गोष्ट तिथून पुढे नीट सांगावी लागेल.